बुबुळाचा चढ

फैजपूरला गफूरभाई तडवींच्या दुकानात
यंत्र असं नव्हतंच.
तेलाच्या डब्याचं गोल झाकण,
त्यावर काळी-पांढरी वर्तुळं, एकात एक,
मधोमध भोक.
गिऱ्हाईक उन्हाकडे पाठ करून बसे,
गफूरभाई भोकाला डोळा लावत.
वर्तुळं बुबुळावर गोल उमटली तर नीट.
पेरूसारखी खाली ओघळली
तर झाकण बाजूला ठेवत
आणि चहा मागवत.

त्या चहाची भीती मला पुष्कळ वर्षं होती.

आमच्या लोकेशच्या वेळी
झाकणही लागलं नाही.
खाली बघ म्हटलं, त्यानं बघितलं,
आणि खालची पापणी कोपरा काढून वाकली.
ही खूण पुस्तकात आहे.
ही खूण उशिराची आहे,
गल्लीतलं पोरही ओळखेल.
पुढे कुणाचं तरी बुबुळ त्याला बसवलं,
सोळा टाके.
मी मोजले होते.

आता भुसावळला, एसीच्या खोलीत,
हनुवटी टेकवा, कपाळ लावा, हलू नका.
दोन सेकंदांत यंत्र डोळ्याचा नकाशा काढतं,
शाळेतल्या नकाशासारखाच:
सपाट ते हिरवं,
चढ लागला की पिवळं, मग तांबडं.
सातपुडा आम्ही असाच रंगवायचो.
पुढून रंगवतं, मागूनही,
जाडी मोजतं मायक्रॉनमध्ये.
बिबडी वाळताना मध्येच कुठे पातळ राहिली,
फुगायच्या आधी कळतं.

डॉ. फिरकेंनी रजिस्टर दिलं:
प्रत्येक डोळा प्रत्येक रीतीनं तपासायचा.
कुणी आधी पकडलं ते लिहायचं.
झाकण (हो, गफूरभाईंचंच, मी मागून आणलं),
वक्रतेचे दोन आकडे,
बॅटरीच्या उजेडाची पट्टी,
आणि यंत्र.

उजेडाची पट्टी डोळ्यावरून फिरवायची,
बाहुलीतली चमक सोबत सरकते.
एखाद्या डोळ्यात सरकत नाही,
दुभंगते,
दोन पाती उघडतात, मिटतात.
आम्ही तिला कात्री म्हणतो.

कात्री मला एकोणीस डोळ्यांत दिसली.
यंत्रानं त्यातले अकरा सोडून दिले.
म्हणजे काही घरांत
माझ्यापायी त्या रात्री कुणी जेवलं नसेल.
हेही रजिस्टरात आहे,
माझ्याच अक्षरात.

मग सावद्याची हेमांगी झांबरे,
सोळा पूर्ण, वर्षात तिसऱ्यांदा चष्मा.
आई दारातूनच म्हणाली,
"रातभर डोये चोयते हे.
सांगी सांगी थकली मी."
झाकण: गोल. अगदी गोल.
आकडे: चालतील असे.
पट्टी: कात्री,
किंवा मला हवी होती म्हणून कात्री.
तीनदा फिरवली. दोनदा दिसली.

यंत्रानं पुढची बाजू हिरवीगार दाखवली.
मी सुटले.
मग मागची बाजू उघडली.
खाली, जरा कानाकडे,
मसूरडाळीएवढं पिवळं बेट.
त्याच जागी जाडी चारशे अठ्ठ्याऐंशी.
यंत्र "आजार" म्हणालं नाही,
"संशय" म्हणालं.

"कात्री बघणाऱ्याच्या हातात असते," फिरके म्हणाल्या,
"तिला पुरावा म्हणता येत नाही."
"हो," म्हटलं.
त्यांनी नकाशा परत मोठा केला.
"पण हिला मागून बघ, हे तुला कशानं सुचलं?"
"आई म्हणाली, चोळते."
ते कुठल्या रकान्यात घालायचं
यावर आम्ही थोडं बोललो,
मग पुढचा पेशंट आला.

हेमांगीला थेंब दिले, खाजेचे.
रात्री हातांत मोजे, सुती.
दिवाळीनंतर परत ये, जुने चष्मे घेऊन ये, सगळे.
तिनं विचारलं, "यंत्र चुकलं असेल तर?"
"तर बरंच," मी म्हटलं,
आणि गफूरभाईंसारखा चहा मागवला नाही.

दुपारी बसस्टँडवर पंचेचाळीस अंश.
केळीच्या ट्रकामागची धूळ
सरळ डोळ्यात.
हात वर गेला.
तो तसाच कानामागे नेला,
जणू केसच सावरायचे होते.